आवाज कुणाचा, आणि वही कुणाची?

पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘अरे आवाज कुणाचा?’ अशी आरोळी उठते आणि पाठोपाठ एखाद्या कॉलेजच्या नावाने नाट्यगृह दणाणून जातं. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ही एकांकिका स्पर्धा घेते. आपण कुणाच्या वतीनं घसा फोडतोय, याबद्दल त्या मुलामुलींच्या मनात तिळमात्र शंका नसते. पण त्यांनाच बाजूला घेऊन विचारा, की तुमच्या नाट्य मंडळाला यंदा किती रुपये मंजूर झाले, त्यातले किती खर्च झाले आणि उरलेले कुठे आहेत. बहुतेकांना सांगता येत नाही. त्यांना ते कुणी कळवलेलंच नसतं. आवाज विद्यार्थ्यांचा आणि वही कार्यालयाची, अशी ही वाटणी आहे.

ती उलटी व्हायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे. कॉलेजातलं मंडळ वाङ्मयाचं असो, नाटकाचं, विज्ञानाचं की गिर्यारोहणाचं, ते कुणाचं आहे हे फलकावरच्या नावांवरून ठरत नाही. पैसा आणि निर्णय यांची नोंद कुणाच्या हातात आहे, यावरून ठरतं. ती वही विद्यार्थ्यांकडे आली तर बाकीच्या बहुतेक तक्रारींना औषध सापडतं. ‘मुलं येत नाहीत’, ‘मंडळ दोन वर्षांत बंद पडतं’, ‘तीच चार तोंडं सगळीकडे दिसतात’ या त्या तक्रारी.

आधी पैसा कुठून येतो ते बघू. प्रवेशाच्या वेळी मिळालेली फीची पावती बारकाईनं वाचायची सवय कुणालाच नसते. शिकवणी शुल्काखाली जिमखाना, नियतकालिक, सांस्कृतिक उपक्रम, विद्यार्थी कल्याण अशा शीर्षकांच्या छोट्या रकमा असतात. एकेक रक्कम चहा-वडापावच्या हिशेबातली, पण तिला दोन-अडीच हजार विद्यार्थ्यांनी गुणलं की आकडा लाखांत जातो. हा पैसा संस्थेनं दिलेलं दान नव्हे, विद्यार्थ्यांनी त्याच कामासाठी आगाऊ भरलेली वर्गणी आहे. त्यामुळे ‘मंडळाला निधी नाही’ हे उत्तर ऐकून घेण्याआधी शीर्षकनिहाय जमा किती आणि खर्च किती, हे विचारायचा हक्क प्रत्येक विद्यार्थ्याला आहे. प्राचार्यांना लेखी अर्ज करावा. सूर नम्र ठेवावा, आकडा मात्र नेमका मागावा.

विद्यार्थ्यांनी मंडळ चालवणं ही काही परदेशातून आलेली नवी टूम नाही. मुंबईत 1848 मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. निबंध वाचायचे आणि त्यावर वाद घालायचा, एवढाच तिचा आरंभीचा कार्यक्रम होता. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1849 मध्ये, याच मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सुरुवातीला सभासदच तिथे फुकट शिकवायला जात. दादाभाई नौरोजी त्यांतलेच एक. आज एखाद्या कॉलेजच्या वाङ्मय मंडळानं असा ठराव केला तर तो सांस्कृतिक समितीच्या समन्वयकांच्या टेबलावर जाईल, आणि तिथून ‘हे आपल्या कार्यकक्षेत बसत नाही’ असा शेरा घेऊन परत येईल.

कार्यकक्षा अशी आक्रसत का गेली? एक कारण सगळ्या प्राध्यापकांना ठाऊक आहे, पण ते बोलतात स्टाफरूममध्ये. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात पाचवा निकष विद्यार्थ्यांचं सहाय्य आणि प्रगती यांचा आहे, आणि विद्यार्थ्यांचा सहभाग हा त्याचाच एक भाग. त्यात क्रीडा-सांस्कृतिक कार्यक्रमांची संख्या मोजतात आणि मिळालेली बक्षिसं मोजतात. कार्यक्रमाचा अहवाल, तारीख दिसेल असे फोटो आणि उपस्थितीची सह्यांची यादी अशी तीन कागदांची फाइल झाली की काम झालं. मग मंडळ फाइलसाठी चालतं. सप्टेंबरात उद्घाटन, 14 ते 28 जानेवारीला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. पाहुणे बोलतात, मुलं सह्या करतात, फोटोत पहिली रांग भरलेली दिसते. अशा मंडळाला सभासद लागत नाहीत, श्रोते पुरतात.

दुसरं कारण जास्त बोचरं आहे आणि त्याची चर्चा जवळपास होतच नाही. खर्च मंजूर करून घ्यायची वाट बहुतेक ठिकाणी अशी असते: विद्यार्थी अर्ज लिहितो, मंडळाचे प्रमुख प्राध्यापक शिफारस करतात, समन्वयक सही करतात, मग प्राचार्य, मग लेखापाल. मध्ये एखादी जोडून सुट्टी येते, विद्यापीठाचा युवक महोत्सव येतो किंवा अंतर्गत परीक्षा लागते. कागद तीन आठवडे फिरतो. टेंपोवाला मात्र तीन आठवडे थांबत नाही आणि प्लायवूडवालाही नाही. मग कुणीतरी पदरचे पैसे घालतं आणि ‘बिलं जपून ठेव, नंतर मिळतील’ या आश्वासनावर गाडा ओढला जातो.

एका साध्या एकांकिकेचा हिशेब मांडून बघा. नेपथ्याचं लाकूड आणि रंग चार हजार, टेंपोच्या खेपा अडीच हजार, कपडेपट दीड हजार, प्रवेश शुल्क आणि अनामत मिळून दोन हजार. तालमीचा चहा न धरता दहा हजार झाले. म्हणजे ज्याच्या खात्यात ऑगस्ट ते नोव्हेंबर दहा हजार रुपये अडकून पडले तरी चालतात, तोच मुलगा ‘प्रॉडक्शन’ सांभाळतो, आणि पुढच्या वर्षी अनुभव त्याच्याकडे म्हणून सचिवही तोच होतो. मेस लावून शिकणारी किंवा शिष्यवृत्तीचा हप्ता कधी येतो याची वाट बघणारी मुलगी या शर्यतीत उतरतच नाही. तिला कुणी ‘नाही’ म्हटलेलं नसतं. तिला फक्त आधी खर्च करून मग मागायला सांगितलेलं असतं. मंडळांत तीच चार तोंडं का दिसतात, याचं उत्तर स्वभावात शोधण्याआधी लेखापालाच्या टेबलावर शोधावं.

यावर उपाय सरकारी कार्यालयांना शंभर वर्षं माहीत आहे. त्याला स्थायी अग्रिम म्हणतात. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मंडळाला ठरावीक रोकड उचल द्यायची, समजा तीन हजार. त्यातून किरकोळ खर्च करायचा, पावत्या जोडून हिशेब दिला की तेवढीच रक्कम पुन्हा भरून मिळते. मोठ्या खर्चासाठी बिल थेट कॉलेजच्या नावानं घ्यावं आणि पैसे कॉलेजनं थेट विक्रेत्याला द्यावेत, म्हणजे विद्यार्थ्याचा खिसा मध्ये येतच नाही. कॉलेजच्या खात्यातच मंडळाच्या नावाची वेगळी खतावणी, म्हणजे हिशेबाचं वेगळं पान, उघडता येते. त्यासाठी वेगळं बँक खातं लागत नाही, आणि उघडूही नये.

खजिनदारानं शिकायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्या कुणी शिकवत नाही. खर्च झाला त्याच दिवशी किर्दीत, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाच्या वहीत, नोंद करावी, रविवारी आठवून लिहू नये. कच्च्या चिठ्ठीवर ‘सामान 850’ असं असेल तर ती चालत नाही. दुकानाचं नाव, तारीख, वस्तू, दर आणि नग हवेत. रिक्षा, हमाली, चहाची टपरी अशा ठिकाणी पावती मिळत नाही, तिथे आपणच व्हाउचर करून घेणाऱ्याची सही घ्यावी. पाहुण्यांना मानधन पाच हजारांवर गेलं तर पोचपावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीट लागतं. हे तिकीट ऐन वेळी गावात कुठेच मिळत नाही, म्हणून चार-पाच आधीच आणून ठेवावीत. आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे वर्गणी गोळा करायला कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयचा क्यूआर कोड लावणं. त्या खात्यात घरून आलेले पैसे असतात, मित्रानं परत केलेले असतात, ऑनलाइन खरेदीचा परतावा असतो. मार्चमध्ये त्यातून मंडळाचे पैसे वेगळे काढायला बसलं की प्रामाणिक मुलगासुद्धा चोर दिसायला लागतो. बहुतेक भांडणं अफरातफरीची नसतातच, अशा सरमिसळीची असतात.

‘पोरांच्या हातात पैसे दिले तर खातील’ हा आक्षेप प्रत्येक बैठकीत येतो. येऊ दे. तीन हजारांची उचल असेल तर खाऊन खाऊन तीन हजारच खातील, आणि तेही एकदाच, कारण हिशेब आल्याशिवाय पुढची भरपाई नाही. खजिनदार आणि सचिव अशा दोघांच्या सह्या, महिन्याच्या पाच तारखेला जमा-खर्चाचा एक पानी तक्ता सूचना फलकावर, आणि वर्षातून एकदा मंडळाबाहेरच्या दोन विद्यार्थ्यांकडून तपासणी एवढं केलं की पुरे. यातले एक-दोघं वाणिज्य शाखेचे असले तर त्यांचाही अभ्यास होतो. फलकावरचा तक्ता हा यातला सगळ्यात परिणामकारक भाग. तो लागला की चहाच्या खर्चावर कुणीतरी बोट ठेवतंच.

आता मंडळ नव्यानं सुरू करायचं असेल तर. इथे उत्साही मुलं हमखास एक चूक करतात आणि प्राध्यापक तिला खतपाणी घालतात. ती चूक म्हणजे उद्घाटन. आधी नाव ठरतं, मग बोधचिन्ह, मग इन्स्टाग्रामचं पान, मग पाहुणे, शाल, श्रीफळ, रोपटं, स्मृतिचिन्ह. एवढं होईपर्यंत पहिलं सत्र संपतं आणि वर्षाचा अर्धा निधी एका दुपारी उडतो. क्रम उलटा ठेवावा. आठ-दहा जण जमले की आधी तीन कार्यक्रम करावेत, कमी खर्चाचे, दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं. चित्रपट मंडळ असेल तर एक लघुपट आणि चर्चा. निसर्ग मंडळ असेल तर कॉलेजच्या आवारातल्याच झाडांची नोंद. तिसऱ्या कार्यक्रमाला पहिल्याच्या निम्मी माणसं टिकली तर मंडळ होण्यासारखं आहे. तिघंच उरली तर तो तिघांचा छंद आहे. त्यात वाईट काही नाही, पण त्याला पदाधिकारी नकोत.

मग घटना लिहावी. एका पानाची. मंडळ कशासाठी, सभासद कोण होऊ शकतो, पदं किती आणि निवड कशी, बैठकीला किमान किती जण हवेत, पैशाचे नियम, पदभार कधी आणि कसा सोपवायचा, मंडळ बंद कसं करायचं. पाच ते सात जणांची कार्यकारिणी पुरते. कॉलेजांत आजकाल ‘हेड’ आणि ‘को-हेड’ यांचं पीक आलंय. पंधरा जणांच्या मंडळात अकरा हेड असतात, आणि खुर्च्या मांडायला दोघं. पदांची संख्या कामावरून ठरवावी, बायोडेटावरून नाही.

काही धाडसी मंडळी एक पाऊल पुढे जातात आणि संस्था नोंदणीच करून टाकतात. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण पुरतात, त्यामुळे ते सोपं वाटतं. महाराष्ट्रात मात्र अशी संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते. म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आलं, दरवर्षी हिशेब आले, आणि कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करणं आलं. विद्यार्थी मंडळाची कार्यकारिणी दरवर्षीच बदलते. पहिल्या वर्षी कुणीतरी हौसेनं वकील गाठतं, दुसऱ्या वर्षी विसरतं, आणि पुढे कागदोपत्री असे सात विश्वस्त राहतात जे आता नोकरीनिमित्त सात गावांत विखुरलेत. विद्यार्थी मंडळानं हे करू नये. कॉलेजच्या छत्राखाली राहून अधिकार मागावेत. छत्री वेगळी घेतली की पावसाची जबाबदारीही वेगळी.

मार्गदर्शक प्राध्यापकांबद्दल एक अवघड गोष्ट बोलायला हवी. मंडळाचं काम बऱ्याचदा तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या गळ्यात पडतं, कारण त्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. त्यांना तासाचे पैसे मिळतात, तालमीचे नाहीत. पुढच्या वर्षी ते त्या कॉलेजात असतीलच याची खात्री नसते. तेव्हा मंडळाचं सातत्य प्राध्यापकांच्या भरवशावर टिकेल ही कल्पनाच आता जुनी झाली. सर बदलतात, बॅच बदलते, आणि मधल्या मध्ये मंडळाची आठवण पुसली जाते.

म्हणून पदभार सोपवणं हे मंडळाच्या वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि ते चुकीच्या महिन्यात होतं. आपल्याकडे नवी कार्यकारिणी जुलै-ऑगस्टमध्ये ठरते. तोवर तिसऱ्या वर्षाची मुलं निकाल घेऊन निघून गेलेली असतात, त्यामुळे देणारा हजरच नसतो. कार्यकारिणी जानेवारीत बदलावी. तेव्हा पहिल्या सत्राची परीक्षा संपलेली असते, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी अजून आवारात असतात आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फेब्रुवारीतला एक कार्यक्रम जुन्यांच्या देखरेखीखाली करून बघता येतो. एप्रिलपर्यंत जुने सल्लागार. अभियांत्रिकीला प्रवेशाच्या फेऱ्या लांबत जातात आणि पहिल्या वर्षाची मुलं कधीकधी सप्टेंबर उजाडल्यावर वर्गात येतात. ऑगस्टमध्ये सभासद नोंदणी उरकणाऱ्या मंडळाला ती भेटतच नाहीत. तिथे जानेवारीत दुसरी नोंदणी ठेवावीच लागते.

सोपवायचं काय? ‘जबाबदारी’ नव्हे, वस्तू. कपाटाच्या दोन्ही किल्ल्या. किर्द आणि पावत्यांची फाइल. मंडळाच्या नावाचा ईमेल आणि त्याचा पासवर्ड. मांडववाला, ध्वनी-प्रकाशवाला, छपाईवाला यांचे क्रमांक आणि गेल्या वर्षीचे दर. आणि एक दोन पानी टिपण, ज्यात फक्त काय फसलं ते लिहिलेलं असेल. इन्स्टाग्राम पानाचं दुखणं तर घरोघरी मातीच्या चुली: पान एका सीनियरच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकाला जोडलेलं, तो बंगळुरूला नोकरीत, आणि ओटीपी तिकडे त्याच्या खिशात वाजतोय. मंडळाचा एक ईमेल पहिल्याच दिवशी काढला असता तर हे टळलं असतं.

सभासद होऊ पाहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगायचं ते थोडक्यात. सत्राच्या सुरुवातीला पाच मंडळांत नाव घालू नका, दोन पुरे. त्यातलं एक असं असावं ज्यातलं तुम्हाला काही येत नाही. बैठकीला दोनदा जा आणि बघा: निर्णय बैठकीत होतात की आधीच व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘कोअर’ गटात झालेले असतात? दुसरं असेल तर तिथे तुम्ही तीन वर्षं खुर्च्याच मांडाल.

मंडळ उघडं आहे की बंद, हे ‘सर्वांचे स्वागत’ असं लिहून ठरत नाही, बैठकीच्या वेळेवरून ठरतं. तालुक्याच्या कॉलेजात निम्मी मुलं एसटीनं येतात. शेवटची सोयीची गाडी साडेपाचला असेल आणि बैठक पाचला, तर गावाकडची मुलं आपोआप वगळली गेली. वसतिगृहाचं दार ठरावीक वेळी बंद होतं, म्हणून रात्रीच्या तालमी मुलींना परवडत नाहीत; मग लेखनात, अभिनयात मुली दिसतात आणि प्रकाशयोजनेत, नेपथ्यात नाहीत, कारण ती कामं रात्री चालतात. दुपारच्या मधल्या सुट्टीत चाळीस मिनिटांची बैठक ठेवली तर सभासदसंख्येचा रंगच बदलतो. मुंबई-पुण्याच्या फेस्टांत आणखी एक चाळणी आहे, भाषेची. ओसी (आयोजन समिती), सीएल (कॉलेजच्या चमूचा प्रमुख), पीआर (जनसंपर्क), हॉस्पी (पाहुण्यांची सरबराई) अशा परिभाषेत आणि इंग्रजी मुलाखतीत मराठी माध्यमातली मुलगी गप्प होते आणि ‘व्हॉलंटियर’ म्हणून दारात उभी राहते. मराठी वाङ्मय मंडळ तिच्यासाठी राखून ठेवलंय असं म्हणणं ही सोय झाली, न्याय नव्हे.

फेस्टचा विषय निघालाच आहे तर प्रायोजकत्वाचा एक सापळा नोंदवतो. समजा कमिटीनं दीड लाखाचं प्रायोजकत्व जाहीर केलं. उघडून बघितलं तर त्यात नव्वद हजारांची सवलतीची कूपनं, शीतपेयांच्या पेट्या आणि ‘मीडिया पार्टनर’. रोख साठ हजार, तेही धनादेशानं, तेही कार्यक्रमानंतर, फलकाचे फोटो पाठवल्यावर. ध्वनी-प्रकाशवाल्याला मात्र निम्मे पैसे आगाऊ हवेत. अंदाजपत्रकात रोख आणि वस्तू असे दोन वेगळे रकाने ठेवावेत, आणि खर्चाला फक्त कार्यक्रमाआधी खात्यात जमा होणारी रोकड धरावी. उरलेला आकडा पोस्टरवर छापायला हरकत नाही.

सगळंच विद्यार्थ्यांवर सोपवावं असं मात्र मी म्हणणार नाही. 25 नोव्हेंबर 2023 रोजी कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात तंत्रमहोत्सवातल्या संगीत कार्यक्रमाआधी चेंगराचेंगरी होऊन चार जणांचा जीव गेला. पाऊस आला, बाहेरचा जमाव आत घुसला आणि प्रवेशाच्या उतरत्या पायऱ्यांवर माणसं एकमेकांवर कोसळली. गर्दी, वीज, आग, पाणी आणि डोंगर या पाच गोष्टींत संस्थेच्या जबाबदार माणसाची सही हवीच. सभागृहाची आसनसंख्या आणि आत सोडलेली माणसं यांचा हिशेब दारावर कुणीतरी ठेवला पाहिजे, आणि बाहेर पडायचं दुसरं दार कुलूपबंद नसावं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. तो मोडला तर नोटीस प्राचार्यांना येते. तेव्हा त्यांची काळजी खोटी नाही. पण भित्तिपत्रकाचा विषय, वादसभेचा प्रस्ताव, बोलावायचा वक्ता यांना तीच सही लागते तेव्हा ती काळजी राहत नाही, सवय होते.

राजकारण शिरेल, हीसुद्धा भीती असते. तिला इतिहास आहे. महाराष्ट्रात 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका थांबल्या आणि वर्गात पहिला आलेला विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून आपोआप बसू लागला, त्याला हवं असो वा नसो. 2006 मध्ये विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीनं उमेदवाराच्या खर्चाला पाच हजारांची मर्यादा सुचवली, हजेरीची अट घातली. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं निवडणुकांची वाट पुन्हा उघडली, पण 2019 मधल्या ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. मी निवडणुकांच्या बाजूनं आहे, पण त्यांची वाट बघत मंडळांनी बसून राहू नये. चाळीस सभासदांनी हात वर करून खजिनदार निवडायला कुठल्याही शासन निर्णयाची गरज नाही. एखादा सभासद कुठल्या विद्यार्थी संघटनेचाही कार्यकर्ता असला तर असू दे. त्यानं तिथल्या पत्रकावर मंडळाचं नाव वापरू नये, एवढं घटनेत लिहिलं की झालं. ज्यांना मतदान करून पराभूत व्हायची सवय नाही अशी मुलं पुढे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत काय करतात, ते आपण बघतोच.

नव्या शैक्षणिक धोरणानं यात एक नवं वळण आणलंय. सहअभ्यासक्रमाच्या नावाखाली सांस्कृतिक, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना यांना आता श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. हेतू चांगला आहे. पण श्रेयांक तासांवर मिळतो आणि तास हजेरीपटावर मोजतात, त्यामुळे ज्याला नाटकाशी देणंघेणं नाही असा विद्यार्थी तालमीला येऊन मोबाइल बघत बसतो आणि ज्याला आहे त्याला त्याच पटावर सही करावी लागते. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तासांचा नियम जुनाच आहे, आणि तिथेही शेवटच्या आठवड्यात डायऱ्या एकदम कशा भरतात ते सर्वांना ठाऊक आहे. श्रेयांक द्यायचाच तर वर्षभर किर्द लिहिणाऱ्या खजिनदाराला द्यावा, इतिवृत्त ठेवणाऱ्या सचिवाला द्यावा. त्यांचं काम कागदावर तपासता येतं, शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत बनवता येत नाही.

राहिलं घटनेतलं शेवटचं कलम, मंडळ बंद करण्याचं. ते लिहायला सगळेच कचरतात, अपशकुन वाटतो. पण विद्यार्थी मंडळं मरतात आणि मरू द्यावीत. एखाद्या बॅचला खगोलशास्त्राचं वेड असतं, पुढच्या दोन बॅचना नसतं. ओढून ताणून चालवलेलं मंडळ फक्त अहवालात जिवंत राहतं आणि दुसऱ्या कुणाचा तरी निधी अडवून बसतं. म्हणून नियम असा असावा: सलग दोन बैठकांना किमान संख्या भरली नाही तर मंडळ थांबलं. शिल्लक रक्कम विद्यार्थी उपक्रमांच्या खात्यात परत जाईल, पुस्तकं ग्रंथालयात, दुर्बीण भौतिकशास्त्र विभागात पोचपावती घेऊन. किर्द, घटना आणि ते ‘काय फसलं’चं टिपण एका लिफाफ्यात घालून ग्रंथपालांकडे ठेवावं, वर तारीख आणि मंडळाचं नाव. चार वर्षांनी कुणी पोरगी पुन्हा तसलंच मंडळ काढायला निघाली तर तिच्या हातात आधी तो लिफाफा पडेल, पाहुण्यांची यादी नंतर.